उजवीकडे चार पोती

अट तिनेच घातली होती, आणि घातल्यापासून ती पस्तावत होती. "होडी सरळ चालली की जा खुशाल एकटे, मी आडवी येणार नाही," असं ती नवऱ्याला स्वयंपाकघरात कढई घासता घासता म्हणाली होती. भांडणाच्या भरात माणूस काय काय बोलतं, तेवढंच ते होतं. पण ज्या माणसाला गेले पाच महिने स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नव्हतं, त्याला हे एक वाक्य मात्र शब्दन् शब्द पाठ झालं. दुसऱ्याच दिवशी तो काठी टेकत, डावा पाय ओढत धक्क्यावर गेला आणि होडीवरची ताडपत्री काढायला लावली.

पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासताना त्याचं डावं अंग गेलं. अर्धांगवायूचा झटका. जीव वाचला, बोलणं वाचलं, पाय अर्धामुर्धा परत आला, हात मात्र आला नाही. तो डावा हात आता मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा, दुसऱ्या कोणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. तिने त्याला आंघोळ घातली, घास भरवला, बटणं लावून दिली, आणि त्याच्या तिरसट बोलण्याला तितकीच तिरसट उत्तरंही दिली. नुसती सेवा करणारी बाई ती कधीच नव्हती. पण एकटं समुद्रावर जायची गोष्ट निघाली की तिला एकच प्रश्न पडायचा. एका हाताचा माणूस पाण्यात पडला तर त्याला वर कोण ओढणार?

"मिस्त्रीला घेऊन जा ना बरोबर," ती म्हणाली होती.

"तो मासे धरायला येणार नाही, मला धरायला येणार," तो म्हणाला. "मग मी कशाला जाऊ? सोफ्यावर बसून राहीन, तिथे तू आहेसच."

धक्क्यावर त्याला सगळे काटा म्हणत. तराजूचा काटा, तो. होडीत बसल्या बसल्या तो सांगायचा, बर्फ दोन किलो जास्त झालाय, किंवा नांगराचा दोर ओला ठेवलाय. आणि मोजून बघितलं की तसंच निघायचं. काट्याच्या होडीत जायचं असेल तर आधी जेवू नये, पकडले जाल, अशी तिथली जुनी थट्टा होती. त्याची होडी पाण्यावर अशी बसायची की लोक आपापली होडी लावायच्या आधी एकदा तिच्याकडे बघून घेत.

आणि त्या धक्क्याचा एक रिवाज होता. दुसऱ्याच्या होडीच्या बसण्याबद्दल, त्याने विचारल्याशिवाय, काठावरून चकार शब्द काढायचा नाही. होडी सरळ आहे की नाही ते इंजिनाचा दांडा धरून बसलेल्याच्या बुडाला कळतं, काठावर उभ्या असलेल्याच्या डोळ्यांना नाही, असं तिथे मानलं जायचं. न विचारता सल्ला देणाऱ्याला तिथे 'काठावरचा कप्तान' म्हणत, आणि हे नाव एकदा चिकटलं की मरेपर्यंत सुटत नसे. त्यामुळे तिथल्या माणसांची तोंडं या एका बाबतीत शिवल्यासारखी बंद असायची. एरवी त्याच तोंडांना अख्ख्या गावाच्या उचापती कमी पडत.

मिस्त्री धक्क्याच्या टोकाला पत्र्याच्या टपरीत इंजिनं दुरुस्त करायचा. काट्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं ओळखायला तो काट्याकडेच शिकला होता, आणि त्याच्या शब्दापुढे ब्रह्मदेवाचाही शब्द त्याला चालला नसता. त्याने पहिला आठवडा पुढच्या टोकावर घालवला. माणूस एकटा, तोही मागे इंजिनापाशी बसलेला, त्यात ते इंजिन बटणावर चालू व्हावं म्हणून नव्याने बसवलेली जड बॅटरी. होडी नाक वर करून चालायची, नुकतीच बढती मिळालेल्या साहेबासारखी. मिस्त्रीने पेट्रोलची टाकी पुढे सरकवली, बर्फाची पेटी पुढे नेली आणि इंजिनाचा कल ठरवणारी खीळ काढून एक भोक आत घातली. होडीचं नाक खाली आलं. काटा म्हणाला, "हं." मिस्त्री त्या 'हं'वर दोन दिवस तरंगत होता.

मग बाजूचं दुखणं सुरू झालं, आणि ते काही हटेना.

एकोणीस वर्षं काटा उजव्या अंगाला बसून डाव्या हाताने दांडा धरत आला होता. आता डावा हात नाही, म्हणजे डावीकडे बसायचं आणि उजव्या हाताने धरायचं. होडीतली प्रत्येक वस्तू जुन्या बैठकीच्या हिशेबाने ठेवलेली, ती सगळी उलटी करणं आलं. बॅटरी उजवीकडे गेली. नांगर उजवीकडे गेला. तरी तो एक फेरी मारून यायचा आणि म्हणायचा, "डावीकडे पडतेय." मग वाळूचं एक पोतं आलं, सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत अर्धं भरलेलं, वीसेक किलोचं. ते उजवीकडे ठेवलं.

"अजून पडतेय."

दुसरं पोतं आलं. मग तिसरं.

ती जाळी दुरुस्त करायच्या शेडमध्ये कामाला होती. संध्याकाळी घरी आली की आधी त्याच्या तोंडाकडे बघायची. तोंड पडलेलं दिसलं की समजायचं, आजही नाही. आणि मग तिच्या आत काहीतरी सैल व्हायचं. नवऱ्याचं तोंड पडलेलं पाहून बायकोला बरं वाटावं, याची तिला स्वतःचीच शिसारी यायची. त्या दिवशी ती जेवण जास्त चांगलं करायची, त्याच्याशी गोड बोलायची. तो म्हणायचा, "काय गं, आज एवढं काय?" ती म्हणायची, "काही नाही, मीठ बघा बरोबर आहे का." रात्री अंथरुणावर पडल्यावर ती मनात म्हणायची, अजून एक दिवस होडी वाकडी राहू दे. इतकं वाईट मागणं तिने आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तो गोळी घरीच विसरला. शेडमधून जेवणाच्या सुट्टीत ती घरी गेली, ताटाशेजारी गोळी तशीच दिसली, तिच्या डोक्यात तिडीक गेली. गोळी कागदात बांधून ती तशीच धक्क्यावर आली. होडी पाण्यात होती. लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या आत वळसा घालून ती काठाकडे येत होती, आणि डावीकडे बसलेला तिचा नवरा काठाकडे बघून ओरडत होता.

"बसली! अरे, बसली! आता कशी पाण्यावर फळी ठेवल्यासारखी!"

त्याचा चेहरा तिने पाच महिन्यांत असा पाहिला नव्हता. तोंडाचा डावा कोपरा अजून खाली ओढलेला होता, तरी तो हसत होता, लहान मुलासारखा. क्षणभर तीही हसली. सगळी भीती विसरून हसली. मग तिची नजर होडीवर गेली.

होडी उजवीकडे झुकली होती. थोडीथोडकी नव्हे. उजवी कड पाण्यापासून जेमतेम वीतभर वर होती, आणि डावीकडे बुडाचा लाल रंग, जो कधी पाण्याबाहेर दिसत नाही, तो एक पट्टाभर उघडा पडला होता. होडीत कधी पाय न ठेवलेल्या बाईलाही ते दिसलं असतं. काठावर चार माणसं जाळी साफ करत बसली होती. चौघांच्या माना खाली होत्या. इतकं मन लावून त्यांनी आयुष्यात कधी काम केलं नसेल.

मिस्त्री दोर हातात घेऊन उभा होता. ती त्याच्याजवळ गेली.

"काय रे हे?"

"काय वहिनी?"

"वहिनी काय? होडी बघ की! आडवी व्हायला आलीय."

मिस्त्रीने दोराला उगाच एक पीळ दिला. "दादा म्हणतात बसली."

"दादा म्हणतात ते ऐकलं मी. तुला डोळे आहेत ना?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "पहिल्या पोत्यालाच सरळ झाली होती, वहिनी."

"आणि तू वर तीन टाकलीस?"

"त्यांनी सांगितलं टाक. मला वाटलं, माझंच बघण्यात काही चुकतंय. आजवर त्यांनी सांगितलं आणि ते चुकलं, असं झालंय का कधी? तुम्हीच सांगा. दुसऱ्या पोत्याला म्हटलं, आज त्यांचं अंग ठीक नसेल. तिसऱ्याला झोप लागली नाही. आज चौथं टाकलं. परवा बाहेर जाणार म्हणतात."

"अशी होडी बाहेरच्या पाण्यात गेली तर?"

मिस्त्रीने त्या खाली गेलेल्या कडेकडे बघितलं. उजवीकडून एक बरीशी लाट आली असती तरी पुरलं असतं.

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण हात उचलायच्या आधीच तिच्या डोक्यात एकेक गोष्ट उलगडत गेली, आणि हात तसाच राहिला. भिंतीवरचं घड्याळ महिनाभर तिरकं लटकत होतं. ती सरळ करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिरकं. खिळ्याला शिव्या देऊन तिने खिळा बदलला होता. जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सापडली होती. तिने काढली, तर संध्याकाळी परत आली. घडी त्यानेच ठेवली होती. आणि व्यायाम शिकवणारी बाई दर वेळी म्हणायची, आरशासमोर बसा, आरशात बघून सरळ व्हा. तो म्हणायचा, मी काय नटी आहे आरशात बघायला? तिघंही हसायची. हसण्यावारी गेलं ते.

होडी बिघडलीच नव्हती. बिघडलं होतं ते त्याच्या डोक्यातलं सरळ. धक्क्यावरच्या सगळ्यांनी ज्याच्या बुडावर विश्वास ठेवून तोंडं बंद ठेवली, ते बूडच आता खोटं सांगत होतं.

होडी काठाला लागली. "चल, बैस," तो म्हणाला. "गोळी दे आणि बैस. एक फेरी मारून आणतो तुला. बघ तरी."

ती बसली. मिस्त्री काहीतरी बोलायला पुढे आला, तिने त्याला हातानेच थांबवलं. होडीच्या मधोमध, आडव्या फळीवर ती बसली, आणि होडी बंधाऱ्याबाहेर पडली. तो उत्साहाने बोलत होता. परवा पहाटे निघायचं, दोनच तास टाकायचे गळ, उन्हं चढायच्या आत घरी. तिला ऐकू येत होतं आणि येत नव्हतंही. उजव्या कडेवरून पाण्याचे शिंतोडे तिच्या पायांवर उडत होते. याला सांगायचं तरी कसं? तोंडाने सांगितलं तर तो म्हणेल, तुला काय कळतं. आणि इतकी वर्षं ते खरंही होतं.

बंधारा मागे पडल्यावर ती म्हणाली, "जरा हळू करा."

त्याने इंजिन हळू केलं. ती वाकली, सगळ्यात वरचं पोतं दोन्ही हातांनी ओढलं, तोंड सोडलं आणि वाळू पाण्यात ओतायला लागली.

"अगं! अगं, काय करतेस?"

तिने दुसरं ओढलं.

"वेड लागलं का तुला? पडेल ती! डावीकडे जातेय, बघ!"

तिसरं पोतं रिकामं करताना तिची बोटं सोलून निघाली. मग ती थांबली. एकच पोतं उरलं होतं. होडी सरळ झाली होती. दोन्ही कडा पाण्यापासून सारख्या उंचीवर, हलक्या लाटेवर एकसारखी खालीवर होणारी, त्याची जुनी होडी.

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने दांडा सोडून दिला होता. उजव्या हाताने त्याने बसायची फळी इतकी गच्च धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्याचे डोळे विस्फारले होते आणि श्वास तोंडाने चालला होता. सरळ झालेल्या होडीत तो कड्यावरून घसरणाऱ्या माणसासारखा बसला होता.

"सरळ आहे हो," ती म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज हळूच निघाला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"सरळ आहे ते." तो डोळे मिटून बोलत होता. "मिस्त्रीच्या तोंडावरून कळलं. दुसऱ्या पोत्याला. त्याला खोटं तोंड करता येत नाही."

"मग? मग पुढची दोन कशाला?"

डोळे उघडून त्याने हनुवटीनेच समोर दाखवलं. "ती रेघ बघ. पाण्याची. कशी दिसते तुला?"

तिने बघितलं. आभाळ आणि पाणी जिथे मिळतं ती रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "आडवी," ती म्हणाली. "आणि कशी दिसणार?"

"मला उजवीकडे उतरलेली दिसते. पहिल्या दिवसापासून. अख्खं पाणी त्या बाजूला सांडत चाललंय असं वाटतं." त्याने ओठ ओले केले. "चार पोती टाकली की ती नाकासमोर आडवी बसते. मग सगळं पहिल्यासारखं होतं. समुद्र कुठे हलवणार मी? होडी हलवता येते, म्हणून हलवली."

"आणि उजवीकडून लाट आली असती तर?"

"आली असती तर आली असती."

हे त्याने इतक्या सहज म्हटलं, की क्षणभर तिला अर्थच लागला नाही. लागला तेव्हा ती उठूनच उभी राहिली. होडी हलली, त्याने घाबरून फळी आणखी घट्ट आवळली, पण तिला त्याची पर्वा नव्हती.

"आणि मी?" ती म्हणाली. "पाच महिने तुमचं हगणंमुतणं काढलं ते यासाठी? काठावर उभं राहून बघायला? माझं काय ते ठरवलं होतंत का काही?"

तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. डाव्या डोळ्यातून झटका आल्यापासून येतच असायचं, त्याला काही अर्थ नव्हता. उजव्यातलं मात्र खरं होतं. ती खाली बसली. तिचा राग संपला होता, आणि त्याच्या जागी काहीच आलं नव्हतं.

मग तो म्हणाला, "तू म्हणाली होतीस, होडी सरळ झाली की अडवणार नाहीस."

"हो."

"झालीय ना?"

"झालीय."

"मग ये इकडे," तो म्हणाला. "दांडा धर."

लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती त्याच्याबरोबर यायची. मुलगी झाली तेव्हा सुटलं ते सुटलंच. पण हाताला आठवत होतं. तिने त्याला काखेत धरून फळीवरून खाली उतरवलं. तो होडीच्या तळाशी बसला, वाळूच्या कणांत आणि पाण्यात, मान खाली घालून, म्हणजे ती रेघ दिसायला नको. आपला डावा हात त्याने उजव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला. ती उजव्या अंगाला बसली, जिथे तो एकोणीस वर्षं बसत आला होता, आणि होडी तिने काठाकडे वळवली. तिच्या वजनाने होडी पुन्हा उजवीकडे कलली. तिला ते जाणवलं, त्याला मात्र ती सरळच वाटत असणार.

तिला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं. तो आता एकटा जाणार नव्हता, कधीच जाणार नव्हता. रोज रात्री मागत होती तेच. आणि आता मिळाल्यावर तिला त्या पाण्यात उडी टाकावीशी वाटत होती.

"तुझं वजन किती गं?" त्याने मान खाली घालूनच विचारलं.

"काय?"

"वजन. किती?"

एरवी हा प्रश्न विचारणाऱ्याची तिने खरडपट्टी काढली असती. "अडुसष्ट," ती म्हणाली.

तो पुटपुटत हिशेब करायला लागला. "म्हणजे बॅटरी परत डावीकडे घ्यायला लागेल. नांगरही. टाकी एक वीतभर मागे आण, तू माझ्यापेक्षा हलकी आहेस. पोतं एकही नको."

"अहो, मला नाही जायचं समुद्रावर."

"मिस्त्रीला उद्याच सांग," तो म्हणाला. "आणि बसलीस की त्याला विचार, सरळ आहे का. मला विचारू नकोस."

तिने दांडा घट्ट धरला. काठावर मिस्त्री दोर घेऊन उभा होता, आणि ती चार माणसं आता माना वर करून बघत होती.